मारून हात झटकणारा नायक

मारामारीच्या सिनेमातले नायक दोन जातींचे. पहिल्या जातीच्या नायकाने ठोसा लगावला की गुंड भिंत फोडून पलीकडे जातो आणि नायकाचा भांगही विस्कटत नाही. दुसऱ्या जातीच्या नायकाने ठोसा लगावला तरी गुंड पडतो; पण मग हा नायक पाठ फिरवतो, कुणी बघत नाही ना याची खात्री करतो, हात झटकतो, बोटांवर फुंकर घालतो आणि रडवेलं तोंड करतो. लोक पहिल्यासाठी शिट्ट्या मारतात. माझी निष्ठा दुसऱ्याच्या चरणी. चरणी म्हणजे, त्याने लाथ मारली असेल तर दुखतंयही तिथेच.

ही दुसरी जात जगभर पोचवली ती हाँगकाँगच्या जॅकी चानने. १९७३ मध्ये ब्रूस ली गेला आणि तिथल्या निर्मात्यांनी नवा ब्रूस ली शोधायला घेतला. जॅकीलाही त्या जागेवर उभं करून पाहिलं. डोळे वटारायचे, दात-ओठ खायचे, सूड घ्यायचा. जमलं नाही. मग १९७८ मध्ये दिग्दर्शक युएन वू-पिंगने 'ड्रंकन मास्टर'मध्ये त्याला वाँग फेई-हुंग केलं. हा वाँग खरोखर होऊन गेलेला वैद्य आणि कुंगफूगुरू. पडद्यावर तोवर तो धीरगंभीर आणि वंदनीय असायचा. जॅकीचा वाँग म्हणजे बापाच्या जिवाला घोर लावणारं कार्टं. त्याला गुरू भेटतो तोही दारुडा. तो शिष्याला उलटा टांगून खालच्या बादलीतलं पाणी इवल्याशा कपाने वरच्या बादलीत भरायला लावतो. आमचे गुरुजी पाढा चुकला की नुसते अंगठे धरायला लावत. किती मवाळ माणूस होता, हे मला 'ड्रंकन मास्टर' पाहून कळलं.

जॅकीला गुरूचा छळ सोसण्याचं हे नाटक करावं लागलं नसावं. तो लहानपणी यू जिम-युएन या गुरूच्या पेकिंग ऑपेरा शाळेत वाढला. तिथे गाणं, कोलांट्या, शस्त्रं आणि छडी हे चारही विषय सक्तीचे. पेकिंग ऑपेरात विदूषकालाही उत्तम कसरत यावी लागते. म्हणूनच या लोकांचं पडणं उडण्याइतकंच रियाजी असतं.

१९२३ साली हॅरॉल्ड लॉईड एका मूकपटात घड्याळाच्या काट्याला लोंबकळला होता. १९८३ च्या 'प्रोजेक्ट ए'मध्ये जॅकीही मनोऱ्यावरच्या घड्याळाला लोंबकळला. फरक एवढाच की लॉईड वर चढला आणि जॅकीने हात सोडले. दोन कापडी छतं फाडत तो जमिनीवर आला. ते पडणं सिनेमात लगेच पुन्हा दाखवलंय. पहिल्या वेळी कुणी चहा गाळायला उठलं असेल, त्याची सोय.

पण माझ्यासारख्या कारकुनाला खरा गहिवर येतो तो १९८५ च्या 'पोलीस स्टोरी'तल्या एका साध्या प्रसंगाने. आडगावची पोलीस चौकी. जॅकी एकटा. टेबलांवरचे फोन एकामागून एक वाजू लागतात. चाकांच्या खुर्चीवरून तो या टेबलावरून त्या टेबलाकडे घसरतो, एक रिसीव्हर मानेत, एक हातात, वायरींचा गुंता गळ्यात, आणि मधल्या फटीत पेन्सिलींनी नूडल्स खातो. इथे कुणी कुणाला मारत नाही. तरी ही मारामारीच आहे, आणि मार्चअखेरीस हिशेबाच्या खात्यात बसलेल्या कोणालाही ती ओळखीची वाटेल.

स्टीफन चौच्या २००४ च्या 'कुंग फू हसल'मध्ये तर जुन्या शांघायमधली अख्खी वस्तीच पराक्रमी. तिथली घरमालकीण केसांत कर्लर आणि ओठांत सिगारेट घेऊन भाडेकरूंवर खेकसते, आणि कुणी डोक्याला साबण लावून उभा असतानाच नळाचं पाणी बंद करते. चाळीत दिवस काढलेल्या माणसाला ही बाई समजावून सांगावी लागत नाही. ती नवऱ्याला खिडकीतून खाली फेकते. वरून कुंडीही पडते. हा नवरा झालेला युएन वा म्हणजे 'एंटर द ड्रॅगन'मध्ये ब्रूस लीच्या कोलांट्या मारणारा डमी. मालकीण झालेली युएन क्यू जॅकीचीच गुरुभगिनी. एवढी वर्षं घासलेली हाडं आहेत, म्हणून कुंडी बरोब्बर डोक्यावर बसते.

जॅकीच्या सिनेमांत शेवटची नावं सरकू लागली की फसलेले प्रसंग दाखवतात. शिडी निसटते, पाय मुरगळतो, माणसं धावत येतात. १९८६ च्या 'आर्मर ऑफ गॉड'च्या वेळी तर तो झाडावरून पडला आणि कवटी फुटली. मी हसत असतो. आमच्या सौ. विचारतात, "अहो, त्या बिचाऱ्याला लागलंय, आणि तुम्हाला हसू कसलं येतंय?"

त्याला लागलंय याचं हसू येत नाही. लागलंय हे तो प्रेक्षकांपासून लपवत नाही, याचं येतं. आम्हा पुरुषांना लहानपणापासून ठेच लागली तरी "काही नाही, काही नाही" म्हणत लंगडायची सवय. इथे एक माणूस जगासमोर कळवळतो, पळतो, टेबलाखाली लपतो, हात जोडतो आणि तरीही शेवटी जिंकतो. ब्रूस ली होणं आपल्या नशिबात नाही. जॅकी चान मात्र आपण अर्धे आहोतच. मार खायचं शिक्षण पूर्ण झालंय. आता उलट मारण्याचा अभ्यासक्रम तेवढा बाकी आहे, आणि त्याची परीक्षा सौ. घेणार नाहीत अशी आशा आहे.