नागझिऱ्यातील संगीत-खटला

नागपुराहून साकोलीमार्गे नागझिऱ्यास जाताना वाघाविषयी चर्चा करावी, असा शिरस्ता आहे. परंतु आमच्या गाडीत महामार्गभर चाललेला वाद वाघाचा नसून पाण्याचा होता, आणि त्यात वादी निवृत्त नायब तहसीलदार असलेले आमचे मामा, तर प्रतिवादी आमचे चिरंजीव होते. मामांनी कानांवर अडकवून मानेमागे वळणारा एक इवलासा ‘वॉटरप्रूफ’ प्लेअर पैदा केला होता. चिरंजीवांपाशी स्मार्टफोन होता, आणि जगातील यच्चयावत गाणी आपल्या खिशात आहेत, असा त्यांचा दावा होता.

पिटेझरीच्या फाटकातून आत शिरताच या दाव्याला पहिला तडा गेला. १९७० साली अभयारण्य आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पाचा भाग झालेल्या त्या मुलखात टॉवरची हुकमत चालेना, आणि खिशातली म्हणून मिरवलेली गाणी वस्तुतः दूरदेशीच्या संगणकांत मुक्कामाला आहेत, हे उघडकीस आले. दुसरा घाव पावसाने घातला. जून अखेरीस आला होता, १ जुलैपासून जंगल तीन महिने पर्यटकांना बंद होणार होते, आणि आभाळाला मात्र तितकाही धीर नव्हता. फोनही जलरोधक असल्याची ग्वाही चिरंजीवांनी दिली व ती खोटीही नव्हती. पण काच भिजताच प्रत्येक थेंब स्वतःस बोट समजू लागला, आणि गाणे लावू जावे तो कॅमेरा उघडू लागला.

मामांनी लागलीच विश्रामगृहाच्या न्हाणीत प्रात्यक्षिकाचा बंदोबस्त केला. ब्ल्यूटूथच्या लहरी पाणी गिळून टाकते, म्हणून पोहणाऱ्यांचा प्लेअर गाणी स्वतःच्या पोटात बाळगतो, हे पत्रकातील कलम खड्या आवाजात वाचून त्यांनी प्लेअरसह आपले मस्तक बादलीत घातले, आणि काही क्षणांनी वर काढून, मिशांवरून पाणी निथळत असता, “भैरवी!” एवढाच निकाल जाहीर केला. रात्री, विजेच्या तारांना मज्जाव असलेल्या त्या परिसरात, फोनने प्राण सोडला आणि खटला एकतर्फी झाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे जिप्सीत विजयी मामा कानांत बोळे घालून, नेत्र मिटून, मांडीवर ताल धरून बसले होते. चिरंजीवांना निरुपायाने जंगल ऐकावे लागत होते. एकाएकी वानराने खकारून इशारा दिला, चितळ ओरडले, वाटाड्याने हात वर करताच चालकाने गाडी थांबवली, आणि बांबूतून एक अस्वल, सरकारी कामावर निघाल्याच्या निर्विकार चालीने, वाट ओलांडून पलीकडे गेले. मामांचा ताल अखंड होता.

“साहेब, अस्वल गेलं ना जी!” वाटाड्याने खांदा हलवून सांगितले.

मामांनी एक बोळा काढला, रिकाम्या वाटेचा पंचनामा केला आणि चिरंजीवांकडे वळून विचारले, “फोटो आहे?”

“फोन बंद आहे, आजोबा.”

“मग अस्वल सिद्ध होत नाही,” असे म्हणून मामांनी प्रकरण दप्तरी दाखल केले, आणि बोळा पुन्हा कानात घातला.