पाटकऱ्याच्या भरवशावर झोपणारे

भंडारदऱ्याचं आवर्तन सुटलं की खाली लाभक्षेत्रात झोपमोडीचा हंगाम सुरू होतो. शेंडीजवळच्या धरणातून सुटलेलं पाणी प्रवरेच्या पात्रातून ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून डाव्या-उजव्या कालव्यात आणि मग चाऱ्या-पोटचाऱ्यांत. 1926 साली या धरणाचं काम पुरं झालं आणि गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव त्याला मिळालं. तेव्हापासून कित्येक पिढ्यांनी रात्री दोन वाजता उठून दारं धरली आहेत. पाणी रात्रीचं थांबत नाही, आणि शेजपाळीत आपली पाळी नेमकी साखरझोपेतच येते.

आता पाळी पहाटे केव्हातरी असेल तर माणसाने काय करावं? चारीवर उकिडवं बसून दर दोन मिनिटांनी बॅटरी मारावी आणि ‘आलं का, आलं का’ बघावं. नाहीतर पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला सांगून खुशाल झोपावं. संगणकापुढेही हाच पेच असतो. एखाद्या थ्रेडने, म्हणजे प्रोग्राममधल्या कामाच्या एका धाग्याने, हार्ड डिस्ककडे मजकूर मागितला तर तो यायला दहा मिलिसेकंद सहज जातात. तेवढ्या वेळात तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे तीन कोटी ठोके पडतात. एवढा वेळ बॅटरी मारत बसलं तर खरोखरीचीच बॅटरी संपते, लॅपटॉप तापतो, आणि बाकीचे थ्रेड खोळंबतात ते वेगळेच. म्हणून कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, त्या थ्रेडला प्रतीक्षेच्या यादीत टाकून झोपवतं आणि प्रोसेसर दुसऱ्याला देतं.

इथवर सोपं आहे. खरी गोम आहे पाणी पाहून येणं आणि आडवं होणं, या दोहोंच्या मधल्या फटीत. समजा, शेतकऱ्याने चारीत डोकावून पाहिलं. कोरडी. ‘चला, नाव सांगू आणि पडू’ म्हणत तो वळला. तेवढ्यात पाणी आलं. पाटकऱ्याने यादी पाहिली, हे नाव काही त्यात नव्हतं. त्याने कुणालाच हाक मारली नाही आणि तो पुढच्या मोग्याकडे गेला. मग आपला गडी यादीत नाव टाकून निर्धास्त झोपला. आता त्याला कोण उठवणार? ऊस वाळतो आणि दोष कुणाचाच नसतो. अशी हरवलेली हाक शोधायला प्रोग्रामर मंडळी आठवडेच्या आठवडे घालवतात, कारण ती लाखात एखाद्याच वेळी हरवते आणि साहेब समोर असताना कधीच नाही.

लिनक्स या कार्यप्रणालीने यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो, कारण तो अगदी सरकारी कचेरीत शोभेल असा आहे. आधी यादीत नाव घालायचं, ‘मी झोपलो आहे’ असं लिहून द्यायचं, मग त्या झोपलेल्या अवस्थेतच चारीवर जाऊन पाणी पुन्हा एकदा पाहायचं आणि नसेल तरच घरी येऊन पडायचं. मधेच हाक आली तर पाटकरी ते ‘झोपलो’ खोडून ‘जागा’ करून ठेवतो. त्यामुळे गडी आडवा व्हायला गेला तरी कर्नल त्याला झोपू देत नाही. कागदोपत्री झोप आधी, खरी झोप नंतर.

बरं, ‘भाऊ, पाणी आलं’ अशी हाक आली म्हणजे पाणी आलंच, असंही नाही. आपण चप्पल शोधेपर्यंत वरच्या अंगाला कुणीतरी दार मोडून ते स्वतःच्या घासाकडे वळवलेलं असतं. 1980 साली झेरॉक्सच्या लॅम्पसन आणि रेडेल यांनी मेसा भाषेच्या अनुभवावरून हेच सांगितलं: हाक ही फक्त खूण समजावी. उठल्यावर परत पाहावं, नसेल तर परत झोपावं. टेलच्या शेतकऱ्यांना यासाठी झेरॉक्सची गरज पडली नसती.

एका मोग्यासाठी अख्खी वस्ती उठवणारे पाटकरीही असतात. शंभर थ्रेड डोळे चोळत धावतात, एकाला काम मिळतं, नव्याण्णव शिव्या देत परततात. म्हणून कर्नलमध्ये ‘यातल्या एकालाच उठव’ असा शेरा मारायची सोय करावी लागली. उठलेल्यालाही लगेच प्रोसेसर मिळतोच असं नाही, तो तयार मंडळींच्या रांगेत लागतो. रांगेत पुढे कोण, हे तिथे शेड्यूलर ठरवतो. आवर्तन कधी आणि किती, हे आमच्याकडे कालवा सल्लागार समिती ठरवते. शेड्यूलरला निदान निवडणूक लढवायची नसते.

आणि सगळेच झोपले तर? मग प्रोसेसरही डुलकी काढतो. पूर्वी लिनक्सचं घड्याळ त्याला कारण नसताना सेकंदाला शेकडो वेळा हलवून ‘काही काम आहे का’ विचारायचं. ही खोड 2007 मध्ये मोडली. घराघरातल्या वडीलधाऱ्यांची अजून मोडायची आहे.

शेवटी एक झोप अशीही असते, की तिच्यात पडलेल्याला जोरात हाका मारून, गदागदा हलवून, अगदी ठार करायचा हुकूम सोडूनही जाग येत नाही. प्रक्रियांच्या यादीत तिच्यापुढे ‘डी’ हे अक्षर दिसतं. ज्याची वाट पाहतोय ते आल्याशिवाय तो थ्रेड ना उठतो, ना मरतो. अशी झोप आमच्याकडेही आहे: भंडारदऱ्याच्या खालीच, त्याच अकोले तालुक्यात, निळवंडे धरण आहे. प्रकल्प 1970 सालचा. डाव्या कालव्यात चाचणीचं पाणी सुटलं 2023 च्या मे महिन्यात. मधल्या काळात मोर्चे निघाले, निवेदनं गेली, सरकारं आली-गेली. यादीत अक्षर ‘डी’च. संगणकात अशा वेळी सगळं बंद करून पुन्हा चालू करता येतं. तालुक्याला तसलं बटण नसतं.