जीके काका

जीके काका ही परळी वैजनाथमध्ये बाराही महिने आढळणारी व्यक्ती आहे. टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेतली सगळी उत्तरे तिला येतात; टीव्हीवर मात्र ती अजून कोणाला दिसलेली नाही. वय साधारण पन्नासच्या पुढे. नोकरी शाळेत, पोस्टात, थर्मलमध्ये (म्हणजे औष्णिक वीज केंद्रात) किंवा झेडपीत. निवृत्ती झालेली, नाहीतर चार पावलांवर आलेली. खिशाला दोन पेन आणि एक पेन्सिल. पेन्सिलीचे कारण पुढे येईल. एकाच गल्लीत दोन जीके काका असले तर लोक 'थर्मलवाले जीके' आणि 'पोस्टातले जीके' असा भेद करतात. दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याबद्दल विचारले तर उत्तर एकच येते : "माणूस चांगलाय, वाचन कमी पडतं."

या मंडळींचा उगम २००० सालचा. त्याआधी परळीत सामान्यज्ञान नव्हते असे नाही, पण त्याला गिऱ्हाईक नव्हते. १९८५ साली दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचा 'क्विझ टाइम' सुरू झाला, पण तो इंग्रजीत. प्रश्न कानातून डोक्यात पोचेपर्यंत कुठल्याशा कॉलेजचा चष्मेवाला उत्तर देऊन मोकळा झालेला असे. ३ जुलै २००० रोजी 'कौन बनेगा करोडपती' लागले आणि पारडे फिरले. प्रश्न हिंदीत, विचारणारे अमिताभ बच्चन, आणि उत्तर समोरच लिहिलेले. चारांपैकी कोणते एवढेच सांगायचे. शाळेत ज्यांनी 'सविस्तर उत्तरे लिहा' याखाली जन्मभराचा मार खाल्ला, त्यांना एवढी सोपी परीक्षा कोणी घेतली नव्हती. (मूळ कार्यक्रम ब्रिटिश, १९९८ चा. हे जीके काका न विचारता सांगतात.)

नाव नोंदवायचे ते फोनवरून. ज्यांच्या घरी फोन नव्हता त्यांनी एसटीडी बूथ गाठला. लाइन लागत नसे, आणि लागली तर मीटरचे लाल आकडे प्रश्नापेक्षा जोरात पळत. त्या पावसाळ्यात काही घरांत भांडणे झाली ती फोनबिलावरून नव्हे, तर रिडायलचे बटण निकामी झाल्यावरून.

ऑक्टोबर २००० मध्ये महाराष्ट्राचाच हर्षवर्धन नवाथे पहिला करोडपती झाला. त्याचा शेवटचा प्रश्न जीके काकांच्या इतिहासात पानिपताइतका महत्त्वाचा आहे. राज्यघटना यांपैकी कोणाला संसदेच्या कामकाजात भाग घेऊ देते? उत्तर : महान्यायवादी, म्हणजे अ‍ॅटर्नी जनरल. नेमणूक कलम ७६ खाली, कामकाजात बोलण्याचा हक्क कलम ८८ खाली, मतदानाचा हक्क नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी परळीत ज्याला त्याला हे उत्तर आधीपासून येत होते. घरच्या मंडळींची साक्ष वेगळी पडते. आदल्या रात्री बहुतेक काकांनी खुर्चीच्या हातावर थाप मारून 'सॉलिसिटर जनरल' लॉक केले होते, आणि कलम ८८ हा आकडा रात्री साडेदहानंतर, ट्रंकेतले पुस्तक काढल्यावर, घरात आला.

विजेचा प्रश्न इथेच घेतलेला बरा. परळीच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच १९७१ साली सुरू झाला. पुढे २१० आणि २५० मेगावॅटचे संच आले. कोळसा रेल्वेने बाहेरून येतो, वीज ग्रीडमधून बाहेर जाते, गावाला राख राहते. ती गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर उतरते आणि पापडांवरही. भारनियमनाच्या वर्षांत रात्री नऊला कार्यक्रम सुरू व्हायचा आणि नेमकी लाइट जायची. गच्चीवर जाऊन पाहावे तर चिमणीवरचे दिवे झगझगीत. जीके काकांचे निम्मे अपूर्ण ज्ञान याच काळातले. प्रश्न ठाऊक, चारही पर्याय तोंडपाठ, उत्तर अंधारात गेले. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी केंद्रच बंद ठेवावे लागले, तेव्हा तरी दोन्हीकडे सारखा अंधार झाला असे समजू नये. ग्रीडची वीज कुठूनही येते. हेही काकांनीच समजावून सांगितले, मेणबत्तीच्या उजेडात.

आता वही. दोनशे पानी, खाकी कव्हर घातलेली, कोपरे चिकटपट्टीने जोडलेले. पहिल्या पानावर 'श्री वैद्यनाथ प्रसन्न', दुसऱ्यापासून 'जगातील सर्वात' : लांब, उंच, खोल, लहान. मग देश, राजधान्या, चलने. मग कात्रणे; त्यांची खळ वाळून पाने पापडासारखी कडकडतात. पेन्सिल इथे लागते. कायमची उत्तरे पेनाने आणि बदलणारी पेन्सिलीने, असा नियम. मुख्यमंत्री पेन्सिलीने, पहिले राष्ट्रपती पेनाने. मंत्रिमंडळाचे पान इतक्या वेळा खोडले गेले आहे, की त्यातून मागच्या पानावरच्या नद्या दिसतात.

व्यवस्था चोख होती. बदलली ती दुनिया. ग्रह नऊ हे पेनाने लिहिलेले. ऑगस्ट २००६ मध्ये खगोलशास्त्रज्ञांनी प्लूटोला बाहेर काढले. घटक राज्ये अठ्ठावीस, पेनाने. जून २०१४ मध्ये तेलंगण आले, एकोणतीस केले. ऑक्टोबर २०१९ मध्ये जम्मू-काश्मीर केंद्रशासित झाले, पुन्हा अठ्ठावीस. खोडलेले खरे झाले आणि त्याच्यावर लिहिलेले खोटे. महाराष्ट्राचे जिल्हे १९६० साली सव्वीस होते. जालना, लातूर, हिंगोली करत करत ऑगस्ट २०१४ मध्ये पालघरसह छत्तीस झाले, तेव्हा काकांनी आकडा सोडून शेजारी नुसती रेघ ओढली. एव्हरेस्ट ८८४८ मीटर ही तर दगडावरची रेघ. डिसेंबर २०२० मध्ये ती ८८४८.८६ झाली. शहाऐंशी सेंटिमीटरसाठी पान खराब करावे की नाही यावर काकांनी दोन दिवस विचार केला. पुढे उस्मानाबादचे धाराशिव, औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, आणि मराठवाड्याबाहेरच्या, शेजारच्या अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. 'मराठवाड्यातील जिल्हे' हे पान आता वहीत नाही. तिथे एक घडी घातलेला कागद आहे, टाचणीने लावलेला.

बोलण्यावरून हा माणूस लगेच ओळखू येतो. साधे विधान तो करत नाही. एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा सांगताना तो पोऱ्याला विचारतो, "सांग बरं, चहा पिण्यात जगात पहिला देश कोणता? ए, भारत. बी, चीन. सी..." पोऱ्या म्हणतो, "काका, कट का फुल्ल?" काकांच्या मते हे दोनच पर्याय झाले, म्हणजे फिफ्टी-फिफ्टी. समोरच्याने उत्तर दिले की काका लगेच 'बरोबर' म्हणत नाहीत. ते थांबतात, भुवया उंचावतात, आवाज खोल करतात आणि विचारतात, "लॉक करायचं?" बँकेच्या खिडकीत, दवाखान्यात, मयतीच्या घरी बाराव्याचे आमंत्रित ठरवतानासुद्धा. मुलीला पाहायला आलेल्या एका मुलाने पगार सांगितल्यावर हा प्रश्न आला, तेव्हा मुलाने घाबरून आकडा हजाराने कमी केला.

घरात मात्र ही पद्धत चालत नाही. भाजी काय आणायची या प्रश्नावर "ऑप्शन सांग" असे म्हटले, की काकू सांगतात : "ए, वांगं. बी, वांगं. सी, वांगं. डी, गप पिशवी घ्या."

लाइफलाइनींपैकी 'फोन अ फ्रेंड' हा काकांचा खरा संसार. यादी तयार असते आणि दर पर्वाआधी तपासली जाते. वाङ्मयासाठी अंबाजोगाईचे एक प्राध्यापक, राजकारणासाठी थर्मलमधले निवृत्त क्लार्क, सिनेमा आणि कॉम्प्युटरसाठी पुण्याचा भाचा. या तिघांनी संध्याकाळी फोन चार्ज करून, बाथरूमला न जाता बसावे अशी अपेक्षा असते, आणि सरावासाठी मध्येच फोनही येतो. भाचा पहिल्या दोन वेळा उत्तर देतो. तिसऱ्यांदा तो "मामा, मीटिंगमध्ये आहे" म्हणतो आणि यादीतून गळतो. प्राध्यापक गळत नाहीत, पण त्यांचे उत्तर तीस सेकंदांत संपत नाही. दासोपंतांची पासोडी किती लांब, असे विचारले तर ते कापडापासून सुरुवात करतात, संतकवीच्या चरित्रातून जातात आणि चाळीस फूट लांब, चार फूट रुंद हे माप यायच्या आत फोन कटलेला असतो.

२०१३ साली ईटीव्ही मराठीवर सचिन खेडेकर 'कोण होईल मराठी करोडपती' घेऊन आले आणि २०१९ मध्ये सोनी मराठीवर नागराज मंजुळे 'कोण होणार करोडपती' घेऊन. भाषेची अडचण गेली. त्यामुळे न जाण्याचे एक चांगले कारणही गेले. त्याच २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे, शाळेत महिना दीड हजारावर मुलांची खिचडी शिजवणाऱ्या, हिंदी कार्यक्रमात एक कोटी जिंकून आल्या. परळीतल्या काकूंनी त्या आठवड्यात काही म्हटले नाही. फक्त रोज रात्री खिचडी केली.

नवी पिढी स्पर्धा परीक्षेची. अभ्यासिकेत बसणारी ही पोरे पर्यायांनाच चिकटून मोठी झालेली. चूक उत्तराला गुण कापले जातात हे त्यांच्या अंगात मुरलेले. त्यांना काकांचे कौतुक आहे, थोडी भीतीही आहे, कारण वीस वर्षांनी आपण कुठे असू याचे चित्र ते रोज सकाळी पेपर वाचताना समोर पाहतात. काका त्यांना तपासतात : "परळी कोणत्या राज्यात?" पोरगा हसून महाराष्ट्र म्हणतो. काका म्हणतात, "साल विचारलंस का?" सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचे संस्थान, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्य, १९६० पर्यंत द्विभाषिक मुंबई, मग महाराष्ट्र. गाव जागेवरून तसूभर हलले नाही आणि उत्तर तीनदा बदलले. चार पर्याय, चारही बरोबर. हा काकांचा सगळ्यात आवडता प्रश्न आहे आणि तो कोणत्याही कार्यक्रमात विचारला जाणार नाही.

विचारला जाण्यासारखा आहे तो दुसरा, आणि त्याची धास्ती प्रत्येक जीके काकांना आहे. बीड आणि आसपासच्या मुलखात नामांकित गोष्टींना वाटेकरी फार. 'विवेकसिंधु' लिहिणाऱ्या मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईला आहे, पण विदर्भातले आंभोरेही त्यांना आपले म्हणते. औंढ्याच्या नागनाथावर गुजरातेत द्वारकेजवळचे नागेश्वर हक्क सांगते, उत्तराखंडातले जागेश्वरही. आणि खुद्द वैद्यनाथ : परळीचे म्हणतात आमचा, झारखंडात देवघरचे म्हणतात आमचा. परळीकर स्तोत्रातल्या 'परली'वर बोट ठेवतात, देवघरवाले पुराणातल्या चिताभूमीवर. मराठी गाइडांत महाराष्ट्रात पाच ज्योतिर्लिंगे छापलेली असतात, हिंदी गाइडांत बहुधा तीनच. काकांकडे दोन्ही आहेत. हिंदी गाइडाचे ते पान त्यांनी फाडलेले नाही, फक्त स्टेपल केले आहे. देवघर नोव्हेंबर २००० पर्यंत बिहारात होते, म्हणजे त्यांचे उत्तरही टिकाऊ नाही, एवढे एक समाधान.

मंदिर अहिल्याबाईंनी जीर्णोद्धार केलेले. लिंगाला हात लावून दर्शन घेता येते. काका सोमवारी पायऱ्या चढून जातात, हात टेकवतात आणि मनातल्या मनात हिशेब करतात. तो अजून पहिल्या पर्वाच्या शिडीवर चालतो. समजा बारावा प्रश्न हाच आला : वैद्यनाथ ज्योतिर्लिंग कोणत्या राज्यात? पर्यायांत झारखंडही आणि महाराष्ट्रही. खिशात सहा लाख चाळीस हजार, प्रश्न साडेबारा लाखांचा. कॉम्प्युटरमध्ये झारखंड भरलेले असणार, हे काकांना ठाऊक आहे. झारखंड म्हणावे तर साडेबारा लाख मिळतील, पण ते घेऊन उतरायचे परळीच्याच स्टेशनवर. महाराष्ट्र म्हणावे तर घसरून तीन लाख वीस हजारांवर. म्हणजे देवाच्या पायाशी रोख तीन लाख वीस हजार वाहिले. खेळ सोडावा तर सहा लाख चाळीस हजार शाबूत आणि गावात तोंड दाखवायला जागा. काकूंना हाच मार्ग पसंत आहे. थर्मलवाल्या आणि पोस्टातल्या जीकेंचेही, आयुष्यात एकदाच, या मुद्द्यावर एकमत झाले होते.

ते चहा संपेपर्यंत टिकले. मग पोस्टातल्यांना आठवले, की खेळ सोडला तरी सूत्रसंचालक सोडत नाही. हातात धनादेश देण्याआधी तो विचारतोच, की खेळला असता तर कोणता पर्याय निवडला असता.