आधीचंच बरं होतं

हे गृहस्थ प्रत्येक कचेरीत असतात, प्रत्येक सोसायटीत असतात आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर एकाला दोन असतात, म्हणून त्यांची ओळख करून देत बसत नाही. ‘अपडेट सुरू आहे, संगणक बंद करू नका’ ही अक्षरं पडद्यावर आली की त्यांच्या कपाळाला जी आठी पडते, ती शंभर टक्के पूर्ण झाले तरी जात नाही. नवं रूप धड डोळ्यांसमोर यायच्या आत निकाल तयार असतो : ‘आधीचंच बरं होतं.’ काय बरं होतं, हे विचारायच्या फंदात पडू नये. ते सांगतात. आणि सांगण्याआधी आपल्या हातातला माऊस काढून घेतात. पडद्यावर जिथे आता काहीही उरलेलं नाही अशा एका मोकळ्या जागी बाण नेऊन म्हणतात, ‘इथे होतं बघा. इथे!’ मग त्या मोकळ्या जागी दोन-तीनदा क्लिकही करतात. न जाणो, असलं तर. सोयीसाठी यांना आपण आधीवाले म्हणू.

आधीवाल्यांची साक्ष कोर्टात टिकणारी नाही, हे सुरुवातीलाच कबूल केलेलं बरं. ज्या ‘आधीच्या’साठी ते आज गळा काढतात, ते आलं तेव्हाही त्यांनी असाच गळा काढलेला असतो. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ आलं आणि पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात स्टार्टचं बटण बसलं, तेव्हा ‘संगणक बंद करायला स्टार्ट दाबायचं, हे कुठलं शहाणपण?’ म्हणून खिदळणारे हेच. २००१ मध्ये विंडोज एक्सपीने ते बटण हिरवं आणि खालची पट्टी निळी केली, तेव्हा ‘पोरांचं खेळणं करून ठेवलंय’ म्हणत सेटिंगमध्ये शिरून जुना करडा रंग परत आणणारेही हेच. २००७ मध्ये व्हिस्टा आलं आणि ते पोरांचं खेळणं एका रात्रीत यांच्या देवघरात जाऊन बसलं. विंडोज १० ची तर कमालच झाली. २०१६ च्या मे महिन्यात त्याचा आग्रह इतका वाढला होता की अपग्रेडची खिडकी फुली मारून बंद केली तरी ठरलेलं अपग्रेड ठरल्या वेळी व्हायचं. आधीवाल्यांनी त्याला घुसखोर ठरवलं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने त्याच घुसखोराचा आधार काढून घेतला, तर हे सुतक धरून बसले. फोनचंही तेच. २०१३ मध्ये आयफोनच्या आयओएस ७ ने फुगीर चित्रं सपाट केली, ती डोळ्यांना बोचली. २०२५ मध्ये आयओएस २६ ने त्यांवर काच चढवली, तेव्हा आठवलं की सपाटच बरं होतं. इतक्या वेळा साक्ष फिरवणाऱ्या माणसाचं ऐकायचं कशाला, असं कोणीही म्हणेल. माझं म्हणणं, ऐकावं. नवं ते वाईट, हा त्यांचा दावा बहुतेक वेळा खोटा ठरतो. पण हाताला पडलेलं वळण कोणी न विचारता मोडू नये, ही त्यामागची तक्रार खरी आहे. आणि तिचा पुरावा खुद्द कंपन्यांनी वेळोवेळी स्वतःच्या हाताने लिहून दिलेला आहे.

सगळ्यांत ठसठशीत पुरावा विंडोज ८ चा. २०१० मध्ये आयपॅड आला आणि बोटाने चालणाऱ्या पाटीपुढे टेबलावरचा संगणक म्हातारा दिसू लागला. मायक्रोसॉफ्टने ठरवलं की पाटीला आणि टेबलाला एकच प्रणाली द्यायची, आणि तीही बोटाच्या मर्जीने चालणारी. २६ ऑक्टोबर २०१२ रोजी, आपल्याकडे दसरा उलटून दोनच दिवस झाले असताना, विंडोज ८ बाजारात आलं. सतरा वर्षं कोपऱ्यात बसलेलं स्टार्टचं बटण त्यात नव्हतं. त्याऐवजी पडदाभर रंगीत टाइल्स. बोटाने सरकवायला त्या झकास होत्या. पण बहुतेकांच्या टेबलावर बोट लावायचा पडदाच नव्हता, होता तो माऊस. आता संगणक बंद करायचा विधी पाहा. बाण उजव्या कोपऱ्यात न्यायचा, कड चुकू द्यायची नाही. मग आतून एक पट्टी सरकत येणार. तिच्यावर पाच चिन्हं. बाण तिरपा गेला की पट्टी गुप्त, पुन्हा पहिल्यापासून. पट्टी टिकली तर सेटिंग्ज, मग पॉवर, आणि मग कुठे ‘शट डाउन’. फोटोवर डबल क्लिक केलं तर तो पडदाभर पसरायचा आणि बंद करायला फुलीच नसायची. वरची कड माऊसने पकडून थेट तळापर्यंत ओढत न्यायची, म्हणजे तो बंद. आणि याची पडद्यावर खूण म्हणून काही नाही. ज्याने आयुष्यभर फुली मारून खिडक्या बंद केल्या, त्याने ही युक्ती स्वप्नात दृष्टान्त होऊन शिकायची होती काय? पत्त्यांचा सॉलिटेअरसुद्धा संगणकासोबत यायचा बंद झाला, तो स्टोअरमधून उतरवून घ्यावा लागे. कचेरीतल्या दुपारींवर हा घाव किती खोल होता, हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

इथे आधीवाले फॉर्मात आले. बटण, बटण आणि बटण. क्लासिक शेल नावाचा फुकटचा प्रोग्राम घालून लोकांनी जुना मेनू परत आणला; स्टार्ट८ नावाच्या प्रोग्रामसाठी तर पाचेक डॉलर मोजले. म्हणजे नव्या प्रणालीचे पैसे द्यायचे आणि ती जुनी दिसावी म्हणून वर आणखी द्यायचे. विंडोजचे प्रमुख स्टीव्हन सिनॉफ्स्की यांनी महिन्याच्या आत कंपनी सोडली. त्यामागची कारणं काहीही असोत, आधीवाल्यांच्या हिशेबी ते बटणाच्या शापानेच गेले. ऑक्टोबर २०१३ मध्ये विंडोज ८.१ आलं आणि कंपनीने बटण परत दिलं. आधीवाल्यांनी आनंदाने दाबलं, तर समोर पुन्हा त्याच टाइल्स! बटण आलं होतं, मेनू आला नव्हता. गाव मागितलं आणि वेस मिळाली. मग ८ एप्रिल २०१४ ची सुधारणा आली, तिने टाइल्सच्या पडद्यावर बंद करायचं चिन्ह बसवलं आणि पडदाभर पसरणाऱ्या ॲपना फुली दिली. योगायोग असा की त्याच दिवशी एक्सपीचा आधार संपला. आधीवाल्यांना एका डोळ्याने हसावं लागलं आणि दुसऱ्याने रडावं लागलं. शेवटी २९ जुलै २०१५ रोजी विंडोज १० मध्ये मेनू मूळ जागी परत आला. जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एक कंपनी पावणेतीन वर्षं पायरी पायरी मागे येत राहिली आणि ‘इथे होतं बघा’ म्हणत ज्या मोकळ्या जागी हे गृहस्थ क्लिक करत होते, नेमकी तिथे येऊन थांबली.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : या लोकांना नव्याची भीती वाटते, वयाचा परिणाम. हे पटत नाही. हेच गृहस्थ भाजीवाल्याला यूपीआयने पैसे देतात, नातवाला व्हिडिओ कॉल लावतात, बोटाने फोटो मोठा करून ‘हा कोण?’ विचारतात. बोटाशी त्यांचं वैर नाही. फोन ही नवी वस्तू होती, तिने कोणाची जागा घेतली नव्हती. विंडोज ८ मात्र चालत्या कामाच्या मधोमध येऊन बसलं. शिवाय उभ्या पडद्यावर हात उंचावून काम करत राहिलं तर हात भरून येतो, हे काही आधीवाल्यांनी रचलेलं गाऱ्हाणं नव्हे. स्टीव्ह जॉब्ज यांनी ऑक्टोबर २०१० मध्ये जाहीर कार्यक्रमात हेच कारण देऊन मॅकच्या पडद्याला स्पर्श द्यायचं नाकारलं होतं. आणि आपल्याकडच्या डीटीपीच्या दुकानात डोकावलं तर हा प्रश्न भीतीचा नसून पोटाचा आहे, हे लगेच दिसतं. पानं बसवायच्या पेजमेकर या प्रोग्रामची शेवटची आवृत्ती २००१ ची. तिच्यात श्रीलिपीसारख्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये बसवलेल्या लग्नपत्रिका, दिवाळी अंक, पतपेढ्यांचे अहवाल वर्षानुवर्षं साठलेले. ती फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खच पडतो. तिथला ऑपरेटर एक्सपीला चिकटून राहिला तो गतकाळाच्या प्रेमाने नव्हे. उद्या सकाळी पत्रिका द्यायची होती म्हणून.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कंपन्या काही लहर आली म्हणून बदल करत नाहीत, त्यांच्याकडे वापराची आकडेवारी असते. विंडोज ७ मध्ये लोक नेहमीचे प्रोग्राम खालच्या पट्टीवर पिन करून ठेवू लागले होते, स्टार्ट मेनू पूर्वीपेक्षा कमी उघडत होते, आणि बटण काढताना मायक्रोसॉफ्टने हे कारण पुढे केलंही होतं. आकडे खोटे नव्हते. पण लिफ्ट आली म्हणून इमारतीतला जिना कमी वापरला जातो, तेवढ्यावरून जिना पाडायचा ठराव कुठल्याही सोसायटीने केल्याचं ऐकिवात नाही. कधीतरीच लागणाऱ्या गोष्टीचं मोल ती किती वेळा लागते यावरून ठरत नाही. लागते तेव्हा सापडते का, यावरून ठरतं. आकडेवारीला क्लिक मोजता येतात. ‘अडलंच तर तिथून सुरुवात करू’ हा भरवसा तिला मोजता येत नाही, कारण त्या भरवशाला क्लिक लागत नाही. आधीवाल्यांचा सगळा आरडाओरडा या न मोजलेल्या भरवशाबद्दल असतो. फक्त त्यांना तो असा मांडता येत नाही, म्हणून ते बटण बटण करत बसतात.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र आधीवाल्यांना मान खाली घालावी लागेल. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक भोक बुजवणारी दुरुस्ती दिली होती. ‘नंतर आठवण करून द्या’ यावर क्लिक करत बसलेल्यांची यंत्रं मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने कुलूपबंद केली आणि चावीसाठी खंडणी मागितली. ब्रिटनमधल्या इस्पितळांना रुग्ण माघारी पाठवावे लागले. आधार कधीच संपलेल्या एक्सपीसाठीसुद्धा कंपनीला तातडीने ठिगळ काढावं लागलं. अपडेट टाळणं हा निरुपद्रवी हट्ट नाही, हे यांना ठणकावून सांगायलाच हवं. पण त्यांना हा अविश्वास शिकवला कोणी? ‘अपडेट केल्यापासून फोन मंद झाला’ असं आधीवाले म्हणत, तेव्हा सगळे हसत. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने मान्य केलं की बॅटरी जुनी झालेले फोन अचानक बंद पडू नयेत म्हणून अपडेटमधूनच त्यांचा वेग कमी केला होता. मग बॅटरी बदलायचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला. विंडोज ८ ला चिकटून राहिलेल्यांना जानेवारी २०१६ नंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं थांबलं. दुरुस्ती हवी तर नवं रूपही घ्या. खोट आहे ती इथे. कुलूप दुरुस्त करायच्या नावाखाली आत यायचं आणि जाताना भिंतींचा रंगही बदलून जायचं, असं वारंवार झालं की घरमालक कुलूपवाल्यालाही दारातूनच वाटेला लावतो. गरजेची दुरुस्ती आणि हौसेची रंगरंगोटी एकाच गाठोड्यात बांधणाऱ्यांना आधीवाल्यांच्या नावाने बोटं मोडायचा अधिकार नाही.

आणि एवढं सगळं झाल्यावर, जरा जड जिभेने का होईना, या गृहस्थांचा एक गुण सांगायलाच हवा. कचेरीत कोणाची काही खिडकी हरवली की बोलावणं त्यांनाच जातं. बंद करायला ऑल्ट एफ-फोर, अडकलं तर कंट्रोल ऑल्ट डिलीट, हे पडद्याच्या कडेला चिठ्ठी चिकटवून सगळ्यांना शिकवणारे तेच असतात. ते इतकी कुरकुर करतात, कारण त्यांनी ते यंत्र मनापासून वापरलेलं असतं; त्यातली प्रत्येक वस्तू कुठल्या फळीवर आहे हे त्यांच्या हाताला पाठ असतं. तक्रार करायला आधी आठवावं लागतं. आताच्या फोनवरची ॲप रात्रीतून चेहरा बदलतात, सकाळी पोरं मुकाट्याने नवी जागा शोधून पुढे जातात. आपलं काही गेलं, असं त्यांना वाटतच नाही, कारण ते आपलं होतं असंही कधी वाटलेलं नसतं. यंत्र आपल्या मालकीचं आहे आणि ते बदलायच्या आधी आपल्याला विचारायला हवं, असं मानणारी बहुधा ही शेवटची पिढी. आयओएस २६ वर काच चढल्यानंतर काही आठवड्यांतच ती काच गडद करून घ्यायची सोय ॲपलला द्यावी लागली. ती सोय मुकाट्याने पुढे जाणाऱ्यांमुळे मिळालेली नाही.

तेव्हा कंपन्यांनी दुरुस्ती सक्तीची करावी आणि रूप मर्जीवर सोडावं, एवढाच या खटल्याचा निकाल. आणि घरातल्या आधीवाल्यांचं म्हणाल, तर त्यांना हसू नका. त्यांचा स्टार्ट मेनू पुन्हा डावीकडे आणून द्या, अक्षरं मोठी करून द्या, जुनं बटण आता कुठे गेलंय ते दोनदा दाखवा. चार वर्षांनी हेच नवं त्यांना ‘आधीचं’ म्हणून प्रिय होणार आहे, त्याची काळजी नको. सुरक्षेचं अपडेट मात्र त्यांच्या देखत, त्यांना विचारून, आजच करून टाका.