झाली का?

आमच्या मोठ्या सिस्टरांना नमस्कार केला तर त्या उलट नमस्कार करत नाहीत. विचारतात, "झाली का?"

पहिल्या दिवशी मला वाटलं, न्याहारीचं विचारतायत. म्हटलं, "हो, पोहे." ड्रायव्हरमामा व्हॅनच्या बॉनेटवर डोकं टेकून हसायला लागले. सिस्टर हसल्या नाहीत. "पोहे आत गेले ते कळलं. मी बाहेरचं विचारतेय."

बँकेतून निवृत्त झाल्यावर पुण्यातल्या एका धर्मादाय संस्थेत मी हिशेब लिहायला जाऊ लागलो. पसारा लहान : दोन डॉक्टर, चार सिस्टर, एक समाजसेविका, एक व्हॅन. हॉस्पिटलनं 'आता घरी न्या' म्हणून सांगितलेल्या कॅन्सरच्या पेशंटच्या घरी जायचं, दुखणं आटोक्यात ठेवायचं, जखमा धुवायच्या आणि शेवटपर्यंत जात राहायचं. सरकारी कागदांत याला उपशामक सेवा म्हणतात. पेठांमध्ये 'ती कॅन्सरवाली गाडी' म्हणतात. म्हणून गाडीवर नाव नाही. ते मोठ्या सिस्टरांनीच खरवडून काढायला लावलं.

त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर आहे, पण ते कुणी हाकेला वापरलेलं मी ऐकलेलं नाही. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, खांद्यावर पर्स. त्या पर्समध्ये मॉर्फिनच्या कपाटाची किल्ली, ग्लोव्ह्जची जोडी आणि लिमलेटच्या गोळ्या. मी आयुष्यभर कॅशची टॅली केली. पण एक-एक गोळीचं रजिस्टर त्या ज्या नजरेनं तपासतात, ती नजर मी रिझर्व्ह बँकेच्या माणसांतही पाहिली नाही. १९८५च्या अंमली पदार्थ कायद्यानंतर मॉर्फिन बाळगायचं तर निरनिराळ्या खात्यांचे परवाने गोळा करावे लागत, आणि शेवटचा हातात पडेतो पहिल्याची मुदत संपे. २०१४मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि एका परवान्यावर भागू लागलं. त्याआधीच्या दिवसांच्या हकिकती त्या नव्या मुलींना भुताच्या गोष्टी सांगाव्यात तशा आवाज खाली आणून सांगतात.

आता तो प्रश्न. मॉर्फिन दुखणं थांबवतं, आणि आतडंही थांबवतं. मळमळ, गुंगी थोड्या दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठ मात्र गोळी चालू असेतो चालू. म्हणून पहिल्याच दिवसापासून जोडीला जुलाबाचं औषध हवं. हे सगळ्या पुस्तकांत आहे. पुस्तकात नसतं ते असं : पेशंट सुनेला हे सांगायला लाजतो, पाचव्या दिवशी स्वतःच गुपचूप मॉर्फिन बंद करतो आणि रात्रभर विव्हळतो. घरचे म्हणतात, औषध लागू पडेना.

म्हणून आमची सकाळची मीटिंग साडेआठला, उभ्यानं. फळ्यावर पेशंटांची नावं आणि पुढे आकडे. आकडा म्हणजे किती दिवस झाली नाही. तीनला लाल खडू. ज्याचा आकडा मोठा त्याच्याकडे गाडी आधी. एकदा एका विश्वस्तांच्या ओळखीचे गृहस्थ यादीत होते, त्यांच्याकडे आधी जावं असा निरोप आला. सिस्टरांनी फळा पाहिला. "त्यांची कालच झालीय," एवढं म्हणाल्या आणि धनकवडीला निघाल्या.

नव्या सिस्टरला पहिला धडा : 'हो' हे उत्तर नव्हे. 'हो' म्हटलं की 'कधी?' विचारायचं. मग 'किती?', मग 'कशी?'. "सगळे खोटं बोलतात गं. ज्यांनी आयुष्यात दमडीची लबाडी केली नाही ते या बाबतीत खोटं बोलतात." दुसरा धडा इसबगोलाचा. घरोघरी कुणीतरी हौसेनं तो दिलेला असतो. दोन घोट पाणी पिणाऱ्या माणसाच्या पोटात इसबगोल गेला की त्याचं सिमेंट होतं. तो डबा सिस्टर स्वयंपाकघरात जाऊन स्वतः ताब्यात घेतात. ऑफिसात अशा जप्त डब्यांची एक फळीच आहे.

त्यांच्या कपाटावर सिसिली साँडर्स यांचा फोटो आहे. १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढणाऱ्या त्या याच. सिस्टरांना त्यांच्याबद्दल आदर आहे तो एका मुद्द्यावर : "आधी नर्स होत्या. मग समाजसेविका. डॉक्टर त्या शेवटी झाल्या." हे वाक्य आमचे दोन्ही डॉक्टर खोलीत असतानाच म्हटलं जातं. स्वतः सिस्टर कोझिकोडला शिकून आल्या. तिथे रिक्षावाले, शाळामास्तर, दुकानदार गल्लीतल्या पेशंटची काळजी वाहतात, हे पाहून परत येताच त्यांनी ड्रायव्हरमामांना ड्रेसिंग शिकवलं. सडलेल्या जखमेच्या वासावर मेट्रोनिडॅझोलची गोळी कुटून भुरभुरायची असते. मामा ती खलबत्त्यात वेलदोडा कुटल्यासारखी कुटतात.

गेल्या वर्षी एका विश्वस्तांचे जावई आले. मोठ्या कंपन्यांमधली 'कार्यसंस्कृती' सुधारणं हा त्यांचा धंदा; आमची फुकटात सुधारणार होते. सहा फूट उंच, स्वभावानं अत्यंत गोड. त्यांनी रंगीत चिठ्ठ्या वाटल्या : आपल्या संस्थेचं एका शब्दात वर्णन करा. चिठ्ठ्या गोळा झाल्या. चार सिस्टर, मामा आणि मी, सगळ्यांचा शब्द एकच.

जावयांनी पहिली चिठ्ठी वाचली. "शी." दुसरी. "शी." त्यांचा चेहरा उजळला. "वा! 'ही' नाही, 'शी'! म्हणजे स्त्री-नेतृत्व!"

कुणी काही बोललं नाही. समाजसेविका पाणी प्यायला बाहेर गेल्या.

मग त्यांनी विचारलं, एक टीम दिवसाला चारच घरं का करते? सात व्हायला हवीत. सिस्टर म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर."

सदाशिव पेठेतला वाडा. लाकडी जिना, धरायला दोर. वरच्या खोलीत निवृत्त गणिताचे मास्तर, फळ्यावर आकडा सहा. सिस्टरांनी बाकीच्यांना बाहेर काढलं, मास्तरांना तपासलं, एनिमा कॅन काढला आणि टांगायला खिळा शोधू लागल्या. भिंतीला खिळा एकच, आणि त्याच्यावर गजाननमहाराज. त्यांना उतरवायला सूनबाई तयार होईना. सिस्टरांनी जावयांकडे खालून वर पाहिलं आणि कॅन त्यांच्या हातात दिला.

"असा धरा. हलायचं नाही."

टाय लावलेले ते गृहस्थ हात वर करून उभे राहिले. मास्तर डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून. जरा वेळानं भिंतीकडून आवाज आला, "खाली घ्या थोडा. उंची वाढली की दाब वाढतो. शाळेत शिकला असाल."

"हो सर," जावई म्हणाले.

तासाभरानं मास्तरांनी मेतकूट-भाताचे चार घास खाल्ले, बंद केलेली गोळी पुन्हा घेतली आणि कालचा पेपर मागितला. जावयांच्या अहवालात घरं चारच राहिली. विश्वस्तांकडे त्या रात्री ते जेवले नाहीत म्हणे.

हे सगळं ऐकून सिस्टर म्हणजे आदर्श प्रमुख असं कुणी समजू नये. त्या रजा घेत नाहीत, त्यामुळे दुसऱ्यांना मागायची लाज वाटते. आणि ती किल्ली! कपाटाला कुलपं दोन. एक किल्ली डॉक्टरांकडे, दुसरी पर्समध्ये. ती पर्समधून इतर कुणाच्या हाती गेल्याचं मला आठवत नाही. एवढ्या शहाण्या बाईनं सगळं कपाट एका पर्सवर टांगून ठेवावं, हे काही माझ्या बँकेच्या डोक्याला पटत नाही. मी दोनदा सांगून पाहिलं. दोन्ही वेळा त्यांनी माझ्या पोटाची चौकशी केली.

व्हायचं तेच झालं. पावसाळ्यात त्यांना ताप भरला. तीन दिवस दामटून कामावर आल्या, चौथ्या दिवशी उठवेना. मीटिंगला फळा तयार, गाडी तयार, आणि कपाट बंद. लातूरची आमची सगळ्यांत नवी सिस्टर आणि मी किल्ली आणायला त्यांच्या घरी गेलो.

सिस्टर कॉटवर, पर्स उशीखाली. चष्मा नसलेला तो चेहरा मी पहिल्यांदाच पाहत होतो. चुकून दुसऱ्या कुणाच्या घरी आलो की काय असं वाटलं. त्यांनी किल्ली काढली, मुठीत धरली, परत एकदा रजिस्टरचा शिल्लक आकडा म्हणून घेतला आणि मग नव्या सिस्टरच्या हातावर ठेवली.

पोरगी किल्ली घेऊन वळली नाही. तिनं कॉटशेजारी स्टूल ओढलं, सिस्टरांचा हात हातात घेतला.

"सिस्टर, झाली का?"

"हो," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

"कधी?"

मोठ्या सिस्टर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागल्या.