तीन डबे आणि एक डबा

अन्नपूर्णा रोडच्या आसपास राहणाऱ्या मराठी माणसाचा एक पाय कायम पुण्यात असतो. दुसरा इंदुरात असतो, कारण पोहे इथे चांगले मिळतात. पुण्याला कुणाचं तरी लग्न, मुंज, वास्तुशांत नाहीतर गुडघ्याचं ऑपरेशन निघतंच, आणि या दोन पायांमधलं अंतर एका रात्रीत कापावं लागतं. आमच्या भागाला लोकमान्य नगर नावाचं रेल्वे स्टेशनसुद्धा आहे. पण तिथे महूकडच्या गाड्या थांबतात. पुण्याची गाडी पकडायला रिक्षा करून मोठ्या स्टेशनावरच जावं लागतं. खुद्द टिळकांच्या नावाला पुण्याची गाडी मिळत नाही, तर आमची काय कथा!

यंदा मे महिन्यात पुण्याच्या काकांच्या नातवाचं लग्न होतं. जाणारी माणसं आठ: आई, बाबा, आत्या, आम्ही नवरा-बायको, मुलगी, मुलगा आणि माझा धाकटा भाऊ. रेल्वेच्या थर्ड एसीत समोरासमोर सहा आणि बाजूला दोन असे एका कप्प्यात बरोबर आठ बर्थ असतात. म्हणजे हे काम पाच मिनिटांचं, असं कुणालाही वाटेल. आमच्याकडे त्यासाठी लागोपाठ दोन रविवार बैठक बसली.

पहिला ठराव भावाने मांडला: स्लीपर बस. इंदूरहून सेंधवा, धुळे, नाशिक करत पुण्याला जाणाऱ्या या बसेस संध्याकाळी सुटतात आणि सकाळी पोचवतात. रस्ता जवळचा, कारण रेल्वे रतलाम, बडोदा, सुरत, वसई, कल्याण असा गुजरातला वळसा घालून जाते. आत्याने बसमधल्या बर्थचे फोटो पाहिले. एका बाजूला एकेकट्याचे बर्थ, दुसऱ्या बाजूला दोघांचे. "आणि दोघांच्या बर्थवर माझ्याबरोबर कोण?" एवढं एकच तिने विचारलं. त्याचं उत्तर देण्याच्या फंदात कुणी पडलं नाही. शिवाय बसमध्ये रात्री दोन वाजता लागलं तर काय, हा प्रश्न आमच्या घरात तिघांचा आहे. बस बारगळली.

मग श्रेणीचा मुद्दा. साधी स्लीपर स्वस्त. पण मे महिन्यात नागदा ते दाहोद उघड्या खिडकीतून जी हवा येते तिला हवा म्हणणं धाडसाचं आहे. फर्स्ट एसीत दोघांचा कूपे आणि चौघांचं केबिन असतं. त्यातलं आपल्याला काय मिळणार हे चार्ट लागतो तेव्हा कळतं. भाडं बघून भावाने फोन उलटा ठेवला, ते पान तिथेच मिटलं. सेकंड एसीत मिडल बर्थ नसतो आणि पडदे असतात. मला ते पसंत होतं. बाबा म्हणाले, "पडदे लावून बसायला आपण काय हॉस्पिटलात चाललोय?" हा युक्तिवाद नव्हता, पण मंजूर झाला. खरं कारण पुढे उमगलं. सेकंड एसीत आठ माणसं एका कप्प्यात मावत नाहीत, चार आत आणि दोन बाजूला. उरलेल्या दोघांना पुऱ्या कोण नेऊन देणार?

तर थर्ड एसी. आता बर्थ.

इथे घरातल्या प्रत्येकाने "मला कुठेही चालेल" असं जाहीर केलं. बाबांनी तर दोनदा. त्यांना आठाचा पाढा भलताच कामी येतो. बर्थच्या नंबराला आठाने भागायचं. बाकी एक किंवा चार उरली की लोअर, दोन किंवा पाच मिडल, तीन किंवा सहा अपर, सात साइड लोअर, आणि बाकी शून्य आली की साइड अपर. "त्रेचाळीस नंबर?" असं विचारायचा अवकाश, बाबा "अपर!" म्हणतात. वय चौऱ्याहत्तर. त्यांना कुठेही चालतं, फक्त बाकी एक किंवा चार उरली पाहिजे.

मी वर्षानुवर्षं पाहत आलोय की आमच्यासारखी कुटुंबं रात्रीच्या गाडीत झोपायची जागा बुक करतच नाहीत, बसायची जागा बुक करतात. झोप काय, लागली तर लागली. पण संध्याकाळी खिडकी कुणाला, डबा कुठे उघडणार, आणि मधला बर्थ उघडला की कुणाची मान वाकडी होणार, हे महत्त्वाचं. मिडल बर्थवर झोपायची वेळ रात्री दहा ते सकाळी सहा. पूर्वी ती नऊपासून होती, 2017 मध्ये दहा झाली. हा एक तास रेल्वेने आमच्यासारख्यांच्या गप्पांसाठीच दिला असावा, अशी माझी समजूत आहे. दहापर्यंत लोअरवाला घरमालक आणि मिडलवाला भाडेकरू. दहानंतर दोघेही आडवे.

आत्या मात्र या चर्चेवर हसत होती. तिच्या लहानपणी इंदूरहून मीटर गेजने खंडव्याला जायचं, तिथे रात्री गाडी बदलायची. हा इंदूर–खंडवा मार्ग होळकरांचा. दुसऱ्या तुकोजीरावांनी त्यासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. सरकारला कर्ज देणारे महाराज आणि गाडीच्या खिडकीतून होल्डॉल आत टाकून जागा पकडणारी प्रजा, असा तो काळ. आत्याच्या आठवणीत बर्थ नाहीतच. पाताळपाणीचा घाट आहे, कालाकुंडला पानाच्या द्रोणात मिळणारा कलाकंद आहे, आणि खंडव्याच्या फलाटावर ट्रंकेवर बसून काढलेली रात्र आहे. "तुम्हाला गादी मिळते, चादर मिळते, तरी भांडता," ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "मला मात्र लोअरच हं. गुडघा."

झालं. लोअर हव्या असलेल्या माणसांची यादी तीन झाली. तेवढ्यात बायकोने नियम वाचला: लोअरचा कोटा साठीपुढच्या पुरुषांना आणि पंचेचाळिशीपुढच्या बायकांना. "मग मीही आहे की," ती आनंदाने म्हणाली. "शेहेचाळीस पूर्ण. इतकी वर्षं नुसतीच गेली, आता एक तरी कामाला येऊ दे." वय सांगताना इतकी खूश झालेली मी तिला प्रथमच पाहिली.

पण या कोट्याची एक गोम आहे. तिकिटावर असे प्रवासी एकटे किंवा फार तर दोघे असावे लागतात. तिसरा आला किंवा सोबत कुणी तरुण माणूस जोडला, की कोटा नाही. आणि एका तिकिटावर मुळात सहाच नावं बसतात, म्हणजे आमचे आठ तसेही फुटणारच होते. प्रश्न एवढाच होता, की कुठून फोडायचे. आई आणि बाबा एका तिकिटावर घेतले तर आत्या उघडी पडते. आई आणि आत्या घेतल्या तर बाबा. एका क्षणी आत्या बाबांना म्हणाली, "दादा, तू लहानपणीही खिडकी सोडायचा नाहीस." साठ वर्षांपूर्वीचा विषय होता, पण बाबांना लगेच आठवला आणि ते गप्प बसले.

शेवटी तीन तिकिटं ठरली. आई-आत्या एक, बाबा एकटे एक, आणि उरलेले पाच एक. बायकोने मुलांबरोबर राहायचं म्हणून स्वतःचा लोअर सोडला. तो त्याग तिने पुढे प्रत्येक स्टेशनवर मोजून वसूल केला.

मुलाच्या बर्थवरूनही एक लढाई झालीच. तो आठ वर्षांचा. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर 2016 पासून पूर्ण भाडं पडतं. बर्थ नको असेल तर अर्धं. आत्या म्हणाली, "कशाला पैसे घालवता? माझ्याजवळ झोपेल." हा मुलगा झोपेत फुटबॉल खेळतो. मी काही न बोलता पूर्ण भाडं भरलं.

तिकिटं साठ दिवस आधी, सकाळी आठ वाजता उघडतात. पूर्वी हीच मुदत एकशे वीस दिवसांची होती, नोव्हेंबर 2024 पासून ती अर्धी झाली. सकाळी आठला अख्खं इंदूर पोह्यांच्या बशीत मान घालून असतं. आम्ही तिघे मात्र तीन फोन घेऊन जेवणाच्या टेबलाभोवती बसलो होतो. बाबा पाठीमागे उभे. फॉर्ममध्ये 'वरच्या श्रेणीत जागा असेल तर आपोआप पाठवा' असा एक चौकोन असतो, जादा पैसे न घेता. बाबांनी त्यावर खूण करू दिली नाही. "फुकट वर नेतात आणि मग सामान खाली राहतं," ते म्हणाले. या वाक्याचा अर्थ मला आजवर कळलेला नाही.

आठ वाजून काही मिनिटांनी तिन्ही तिकिटं पक्की झाली. आई-आत्या, बी-वन, नऊ आणि बारा. भागा आठाने: बाकी एक आणि चार. दोन्ही लोअर! बाबा, बी-फोर, तेहेतीस. बाकी एक. लोअर! आम्ही पाच जण बी-थ्रीमध्ये: अठरा, एकोणीस, एकवीस, बावीस, चोवीस. दोन मिडल, दोन अपर, एक साइड अपर. सगळ्यांना हवं ते मिळालं होतं. फक्त कुटुंब तीन डब्यांत वाटलं गेलं होतं.

त्याचा अर्थ गाडी सुटल्यावर कळला. जेवणाचा डबा एकच होता. पाच पुड्यांचा, स्टीलचा, पितळी कडी लावलेला: फडक्यात गुंडाळलेल्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, लसणाची चटणी, दशम्या, आणि सगळ्यात वर शेव, कारण इंदूरच्या माणसाला शेवेशिवाय पदार्थ पूर्ण झाला असं वाटत नाही. शेव घरून घेतली होती, तरी रतलामला पुन्हा घेतली. डबा बी-थ्रीमध्ये आणि खाणारी तोंडं दोन्ही बाजूंना. मुलीला वाटपावर नेमलं. ती कागदी प्लेटा घेऊन बी-वनकडे जायची, तर आत्या सांगून पाठवायची, "चटणी दादाला देऊ नका, त्याला सोसत नाही." मग ती बी-फोरला जायची, तर बाबा विचारायचे, "चटणी कुठे?"

आमच्या कप्प्यातले दोन्ही लोअर एका वयस्कर जोडप्याचे होते, बडोद्याला उतरणार. त्यांनी आम्हाला बसायला जागा दिली आणि बदल्यात सगळं विचारून घेतलं: लग्न कुणाचं, मुलगी काय करते, शेव कुठली. साइड लोअरवरचा एक तरुण कानात तारा घालून निजला होता. त्याला मी हळूच उठवून विचारलं, "भिया, वो बी-फोर में एक लोअर है, एकदम बढ़िया, आप उधर चले जाओगे?" म्हणजे बाबांना इकडे आणता आलं असतं. तो तयार झाला. अडलं बाबांपाशी. बाबांच्या समोरच्या बर्थवर सुरतेचे एक कापड व्यापारी होते आणि दोघांचा शेअर बाजार रंगात आला होता. "इथे बरं आहे," बाबा म्हणाले. "तुम्ही घोरता सगळे." हे वाक्य ज्याच्या घोरण्याने आमच्या शेजारच्या फ्लॅटमधला कुत्रा भुंकतो, त्या माणसाचं.

बी-वनमध्ये आई आणि आत्या समोरासमोरच्या लोअरवर आडव्या होऊन बोलत होत्या. वरचे चार प्रवासी दिवे मालवून झोपले होते. मी पाण्याची बाटली द्यायला गेलो तेव्हा आत्या म्हणत होती, "त्याचं पहिल्यापासून असंच." मला पाहून ती थांबली. विषय मीच असणार. सुरत गेलं तरी दोघी जाग्या होत्या.

भाऊ सहा फूट एक इंच. त्याने साइड अपर स्वतःहून मागून घेतला होता, कारण तिथे संध्याकाळी कुणी बसायला येत नाही, कुणी डबा ठेवत नाही. पाय पोटाशी घेऊन तो रात्रभर आकड्यासारखा झोपला आणि सकाळी कल्याणनंतर उतरला, तेव्हा आमच्या आठांमध्ये तोच एकटा ताजातवाना होता. माझ्या मते एकट्या माणसाने साइड अपरच घ्यावा. पण कुटुंबात एकटा माणूस एकच असू शकतो, आणि ती जागा आता गेली.

परतीच्या वेळी लोणावळ्याच्या आसपास पुन्हा चर्चा निघाली की पुढच्या वेळी काय. कुणी तरी मनमाडच्या नव्या मार्गाची आठवण काढली. इंदूर–मनमाड मार्गाला सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारची मंजुरी मिळाली आहे: 309 किलोमीटर, 30 नवी स्टेशनं, 18,036 कोटी रुपये. तो झाला की गुजरातचा वळसा वाचेल. बाबांनी सगळं लक्षपूर्वक ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण डब्यात लोअर किती?"

तेव्हा मनमाड होईल तेव्हा होईल. तोवर तुम्ही इंदूरहून पुण्याला सहकुटुंब निघत असाल, तर साठ दिवस आधी सकाळी आठला फोन चार्ज करून बसा, पोहे नंतर. घरात लोअर हवी असलेली माणसं दोनाहून जास्त असतील तर खुशाल तिकिटं वेगळी काढा, बर्थ मिळतात. फक्त जितकी तिकिटं तितके जेवणाचे डबे भरा, आणि चटणी प्रत्येकात घाला.