नळाला पाणी, शिडाला वारा

आमच्या छत्रपती संभाजीनगरात पाण्यावर बोलायला प्रस्तावना लागत नाही. जिन्यात भेटलेला शेजारी नमस्काराच्या आधी विचारतो, "तुमच्याकडे सोडलं का?" काय सोडलं, असं जो विचारेल तो बाहेरगावचा समजावा. अशा गावात माझ्या भाचीने प्राणीशास्त्रात एम.एस्सी. करून पुढे समुद्रविज्ञानाकडे वळायचं ठरवलं. आमच्या आईने एकच शंका काढली, "एवढं पाणी बघून पोरगी बावरणार तर नाही ना?"

मला मात्र वाटतं, समुद्र शिकायला जहाजावर राहावं लागलं, तर त्याला आमच्याइतकी लायक माणसं कोकणातसुद्धा सापडायची नाहीत. अमेरिकेत वुड्स होलला सी एज्युकेशन असोसिएशन नावाची संस्था आहे. 1971 पासून ती कॉलेजच्या मुलांना शिडाच्या जहाजावर नेऊन समुद्र शिकवते. पोरांच्या तीन तुकड्या करतात आणि दिवसरात्र पाळ्या लावतात. एकाने सुकाणू धरायचं, एकाने पुढे उभं राहून टेहळणी करायची, एकाने प्रयोगशाळेत बसायचं आणि एकाने स्वयंपाक्याच्या हाताखाली कांदे चिरायचे. मध्यरात्री गाढ झोपेत असताना कुणीतरी खांद्याला हलवतं: ऊठ, तुझी पाळी. गोडं पाणी जपून वापरायचं, रोजच्या अंघोळीचा हट्ट धरायचा नाही. तिकडच्या पोरांना म्हणे या सगळ्याची सवय व्हायला वेळ लागतो. आमच्याकडे रात्री दोनला उठून, अंधारात न धडपडता, पाइप ड्रममध्ये सोडणारी बाई प्रत्येक गल्लीत आहे. एका बादलीत अंघोळ करून उरलेल्या पाण्यात मोजे धुणारी पोरंही आहेत. त्यांचं निम्मं प्रशिक्षण सरकारी खर्चाशिवाय झालेलं आहे.

राहिलं विज्ञान. ते जहाजावर फार ऐटीत होत नाही. केसासारख्या बारीक विणीचं जाळं पाण्याच्या पृष्ठभागावर सोडतात आणि जहाज माणसाच्या चालीने अर्धा तास ते ओढत नेतं. वर आलेला चिखलट, लिबलिबीत ऐवज बादलीत धुतात. त्यात समुद्रशेवाळ असतं, पारदर्शक अळ्या असतात, नखाएवढे खेकडे असतात आणि प्लास्टिक असतं. ते प्लास्टिक पोरं चिमट्याने एकेक तुकडा उचलून वेगळं करतात, मोजतात, वहीत लिहितात. जहाज डोलत असतं, पोटात ढवळत असतं, तरी मोजणी चुकवायची नाही. 1986 ते 2008 या काळात विद्यार्थ्यांच्या अशा तुकड्यांनी अटलांटिक आणि कॅरिबियन समुद्रात सहा हजारांवर वेळा जाळं ओढलं आणि सुमारे 64,000 तुकडे वेचले. बहुतेक तुकडे काही मिलिमीटरचे. 2010 साली 'सायन्स' या नियतकालिकात त्यावरचा अभ्यास छापून आला. त्यातली गंमत अशी की जगातलं प्लास्टिकचं उत्पादन त्या बावीस वर्षांत भरमसाट वाढलं, पण अटलांटिकच्या ज्या भागात ते सर्वांत जास्त साठतं, तिथे जाळ्यात येणाऱ्या तुकड्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. मग बाकीचं गेलं कुठे? हा प्रश्न शास्त्रज्ञांपुढे कुणी ठेवला, तर उलट्या आवरत चिमटा धरणाऱ्या विशीतल्या पोरांनी. मला हे फार आवडलं.

शिडावरचं विज्ञान आपल्याकडेही झालं आहे. नौदलाच्या दिलना आणि रूपा या दोघी अधिकारी 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून 2 ऑक्टोबर 2024 ला गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीला वळसा घालून मे 2025 अखेर परतल्या. वाटेत त्या पॉइंट निमोवरून गेल्या. सर्वांत जवळची जमीन तिथून 2,688 किलोमीटर. तिथल्या पाण्याचे नमुने त्यांनी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसाठी भरून आणले. दोघींनीच बोट हाकायची आणि वर बाटल्याही भरायच्या.

आणि समुद्र नसला तरी जहाज आमच्या जिल्ह्यात आहेच. अजिंठ्याला, दोन क्रमांकाच्या लेण्यातल्या चित्रात. गोष्ट पूर्णाची, म्हणजे सोपाऱ्याच्या व्यापाऱ्याची. (तेच आजचं नालासोपारा.) चित्र पुसट झालं आहे, पण नीट पाहिलं तर तीन डोलकाठ्या दिसतात, उभट शिडं दिसतात आणि मागच्या टोकाला ओळीने मांडलेले रांजण. त्या रांजणांत काय होतं यावर जाणकारांनी वाद घालावा. इकडच्या माणसाला ते पाण्याचे आहेत हे सांगावं लागत नाही.

अजिंठ्यातल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून नौदलाने 'कौंडिण्य' हे शिडाचं जहाज बांधून घेतलं. बांधणी गोव्याच्या होडी इनोव्हेशन्सची, हात केरळच्या बाबू शंकरन यांच्या कारागिरांचे. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या, इंजिन नाही, सुकाणूच्या जागी मोठी वल्ही. जुना आराखडा कुठे उपलब्धच नव्हता, त्यामुळे चित्रावरून अंदाज बांधायचा आणि प्रतिकृती आयआयटी मद्रासमध्ये तपासून घ्यायची, असं चाललं. 29 डिसेंबर 2025 ला ते पोरबंदरहून निघालं आणि संक्रांतीच्या सुमारास मस्कतला पोचलं. पुढच्या सफरीत त्यावर एक जाळं, एक चिमटा आणि चार विद्यार्थी चढवावेत, अशी माझी नौदलाला विनंती आहे. चारातला निदान एक मराठवाड्याचा घ्यावा. पाण्यावरून तो भांडणार नाही, सवय आहे.

ज्या आईबापांना 'आपल्याकडे समुद्र नाही, पोरीने काय करायचं' असं वाटतं, त्यांच्या माहितीसाठी एवढंच: सीएसआयआर-नेट परीक्षेत पृथ्वी, वातावरण, समुद्र आणि ग्रह यांचा मिळून स्वतंत्र विषय असतो. प्राणीशास्त्र, रसायन, भौतिक, भूशास्त्र, यांतल्या कुठल्याही दाराने समुद्रविज्ञानात शिरता येतं. समुद्र पाहिलेला असावा, अशी अट त्यात कुठेही नाही.